जिन्नसवार वीज : प्रस्तावना

आमच्या इमारतीत मीटर वाचायला येणारा माणूस महिन्यातून एकदा येतो. जिन्याखाली मीटरांची रांग आहे, तिच्यासमोर उभा राहतो, हातातल्या यंत्रातून कागदाची पट्टी फाडतो आणि पुढच्या मीटरकडे वळतो. एप्रिल-मे आला की पट्टीसोबत एक वाक्यही मिळतं. तेलुगू घर असेल तर "रेंडु वंदलु दाटिंदि", आमच्यासारखं असेल तर "दो सौ के पार हो गया साब". दोनशे ओलांडले, इतकाच अर्थ. पण सांगणाऱ्याचा स्वर असा असतो की जणू घरात कुणाचा तरी ताप एकशे तीनवर गेलाय.

हा स्वर उगाच नाही. एप्रिल 2022 पासून तेलंगणात लागू झालेल्या घरगुती दरपत्रकाचं गणित करून पाहा. महिन्याला बरोबर 200 युनिटं वापरली तर पहिल्या शंभराला 3 रुपये 40 पैसे आणि पुढच्या शंभराला 4 रुपये 80 पैसे दर लागतो. म्हणजे 820 रुपये. स्थिर आकार, कर वगैरे वेगळे. आता एकच युनिट जास्त जळालं असं धरा. दोनशे ओलांडताच घराचा गट बदलतो आणि पहिल्या युनिटापासून नवा दर लागतो : दोनशेला 5 रुपये 10 पैशांप्रमाणे 1020 आणि वरच्या एकाला 7 रुपये 70 पैसे. एकूण 1027 रुपये 70 पैसे. त्या एका युनिटाची किंमत झाली 207 रुपये 70 पैसे. मार्च 2024 पासून गृहज्योती योजनेत पात्र कुटुंबांना दोनशे युनिटांपर्यंत बिलच येत नाही. त्यांना तर दोनशेएकावं युनिट हजारावर रुपयांना पडतं. एक युनिट म्हणजे काय, तर दीड टनाचा एसी साधारण तासभर, किंवा जुना पंखा तेरा तास. हैदराबादच्या वीज कंपनीचं मुख्य कार्यालय मिंट कंपाउंडमध्ये आहे. निजामाच्या टांकसाळीच्या आवारातून विजेची बिलं निघावीत यात कुणाला विनोद दिसला, तर त्याला माझा आक्षेप नाही.

ते दोनशेएकावं युनिट खाल्लं कुणी? इथे बिल मुकं होतं. आमच्या लहानपणी नांदेडला वाण्याकडे उधारीची वही असायची. महिनाअखेरीस वाणी बेरीज सांगायचा, पण आई बेरीज ऐकून पैसे काढत नसे. ती म्हणायची, "जिन्नसवार वाच." गूळ दोनदा लिहिलाय का, तेल कुठल्या तारखेला नेलं, पाहुणे आले होते त्या आठवड्यात साखर किती गेली, हे सगळं त्या वाचनातून बाहेर यायचं. विजेच्या बाबतीत आपण गेली कित्येक वर्षं नुसती बेरीज ऐकून पैसे देत आलो आहोत. ही पुस्तिका त्या वहीचं जिन्नसवार वाचन करायचं यंत्र घरच्या घरी कसं बांधावं, ते सांगते. हे यंत्र वीज वाचवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तराजू लावल्याने वजन कमी होत नाही.

पहिल्या प्रकरणात एकही पैसा खर्च करायचा नाही, ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. आपल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याशेजारी बारीक अक्षरात एका युनिटाला किती वेळा लुकलुकणार ते छापलेलं असतं. पुष्कळ मीटरांवर हा आकडा 3200 असतो. म्हणजे एक लुकलुक ही युनिटाचा बत्तीसशेवा भाग. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजा आणि 1125 ला त्या सेकंदांनी भागा, की त्या क्षणी घर किती वॅट ओढतंय ते कळतं. दर सेकंदाला एक असेल तर 1125 वॅट, कुणी तरी इस्त्री लावली आहे. नऊ सेकंदांना एक असेल तर 125. मी हे जिन्याखाली मनगटावरच्या घड्याळानं करत होतो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, नाडी बघताय का कुणाची?" याहून नेमका शब्द मला अजून सुचलेला नाही.

दिव्यासमोर प्रकाश ओळखणारा एक छोटा ट्रान्झिस्टर चिकटवला आणि त्याची तार एखाद्या स्वस्त मायक्रोकंट्रोलरला जोडली, की नाडी बघायचं काम रात्रंदिवस होत राहतं. मीटरच्या सीलला हात लावावा लागत नाही. तो लावायचाच नाही, कारण मीटरमध्ये ढवळाढवळ हा विद्युत अधिनियम 2003 खाली गुन्हा आहे, आणि या पुस्तिकेतलं कुठलंही काम मीटरच्या आत जाऊन करायचं नाही. मीटरपुढचं, आपल्या डीबीतलं (एमसीबींच्या पेटीतलं) जे काही आहे तेही मेन बंद करून, परवानाधारक वायरमनला शेजारी उभं करूनच उघडायचं. सुरक्षेवर पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते वगळून पुढे जाणाऱ्यानं पुस्तिका दुसऱ्याला देऊन टाकावी.

लुकलुक मोजून बेरीज वेगानं कळते, जिन्नस मात्र कळत नाहीत. त्यासाठी कोटीला जावं लागतं.

हैदराबादबाहेरच्या वाचकासाठी सांगतो : कोटी हा भाग मराठी माणसाला इथे परका नाही. जांबागेत विवेकवर्धिनी आहे, इथल्या मराठी घरांच्या दोन-तीन पिढ्या तिथल्या मैदानात वाढल्या. तिथून चालत गेलं की गुजराती गल्ली लागते. रेझिस्टरच्या पट्ट्या, ट्रान्सफॉर्मर, रिमोटांचे ढीग, स्पीकरचे कोन, सगळं एका बोळात. वायर, स्विच, एमसीबी हवे असतील तर जवळच ट्रूप बाजार. आणि हे सगळं जोडायचं कसं ते शिकायचं असेल तर अमीरपेठ. मैत्रीवनमच्या आसपास एम्बेडेडच्या क्लासच्या पाट्या इतक्या दाट की आकाश दिसत नाही. ईसीआयएल ही इलेक्ट्रॉनिक्सची सरकारी कंपनी 1967 साली या शहरात सुरू झाली तेव्हापासून इथे सोल्डरचा वास आहेच. 2023 मध्ये रायदुर्गमला टी-वर्क्स उघडलं, तिथे तर कल्पना घेऊन गेलेल्या माणसाला यंत्रसामग्रीच वापरायला मिळते. पण माझं मन अजून गुजराती गल्लीत रमतं. दुकानदार उर्दूत विचारतो, आपण मराठी वळणाच्या दखनीत सांगतो, आणि मधला मुलगा तेलुगूत वरच्या माळ्यावरून डबा मागवतो.

खरेदी करायची ती मुख्यतः करंट ट्रान्सफॉर्मरची. चिमट्यासारखी उघडणारी एक कडी असते, ती तारेभोवती मिटवायची. तार कापायची नाही, सोलायची नाही. तारेतून वाहणाऱ्या करंटच्या प्रमाणात कडीच्या दुसऱ्या टोकाला इवलासा करंट तयार होतो. बाजारात मिळणारी सर्वांत प्रचलित कडी शंभर अँपिअरला पन्नास मिलिअँपिअर देते. नवशिका पहिल्या दिवशी एक चूक हमखास करतो. मीही केली. कडी मी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांभोवती मिटवली. जाणारा करंट आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, त्यामुळे एसी, गीझर, मिक्सर सगळं चालू असताना यंत्रानं शून्य दाखवलं. अर्धा तास मी विज्ञानाच्या नियमांवर संशय घेत बसलो होतो.

दुसरी चूक जास्त गनिमी आहे. मोठी कडी घेतली म्हणजे चांगली, असं वाटतं. पण ईएसपी32 सारख्या चिपमध्ये येणारा सिग्नल 4096 पायऱ्यांत मोजला जातो. शंभर अँपिअरची अख्खी लाट, वरचं टोक ते खालचं टोक, त्या पायऱ्यांत बसवली की एक पायरी सुमारे सोळा वॅटची होते. दहा वॅटचा राउटर त्या पायरीखालच्या अंधारात लपून बसतो. साधारण घराला तीस अँपिअरची कडी पुरते, तिनं पायरी पाच वॅटांवर येते. त्याहून बारीक हवं असेल तर खास वीज मोजण्यासाठीच बनवलेली चिप असलेलं तयार मॉड्यूल घ्यावं. याच ईएसपी32 मध्ये मोजणीचे दोन विभाग आहेत आणि वायफाय चालू असताना त्यातल्या दुसऱ्याचा भरवसा धरता येत नाही. ही एक ओळ मला कुणी सुरुवातीला सांगितली असती तर एक रविवार वाचला असता. पुस्तिकेत ती ठळक अक्षरात आहे.

करंट कळला म्हणजे वीज कळली असंही नाही. झोपाळ्याला झोका देणाऱ्याचं पाहा. झोपाळा मागे येऊन पुन्हा पुढे निघताना, नेमक्या क्षणी ढकललं तर जोर कामी येतो. वेळ चुकली की जोर लागतो तितकाच, झोका मात्र वाढत नाही. व्होल्टेज आणि करंट यांचं असंच आहे. दोन्ही सेकंदाला पन्नास वेळा झुलतात. गीझरमध्ये ते एकत्र झुलतात, मोटरमध्ये करंट थोडा मागे राहतो. म्हणून नुसत्या करंटला 230 नं गुणलं तर बोअरच्या मोटरचा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला येतो. आपलं घरगुती मीटर तेवढ्या फुगवट्याचे पैसे घेत नाही, पण आपलं यंत्र चुकीचा जिन्नस लिहितं. म्हणून व्होल्टेजही मोजायचा, सेकंदाला काही हजार वेळा दोन्हींची जोडी घ्यायची, प्रत्येक जोडीचा गुणाकार करायचा आणि त्या गुणाकारांची सरासरी काढायची. खरे वॅट म्हणजे ही सरासरी. चौथं प्रकरण एवढंच करतं आणि सावकाश करतं. संयम ठेवावा.

यंत्र खरं बोलतंय का हे तपासायला पाणी तापवायची किटली पुरते, कारण तिच्यात मोटर नाही, चिप नाही, नुसती तार तापते. पण इथेही एक खाच आहे. किटलीवर 1500 वॅट लिहिलेलं असतं ते 230 व्होल्टला. संध्याकाळी आमच्याकडे 215 व्होल्ट असतात. वॅट व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घसरतात, म्हणजे तीच किटली 1311 वॅटच ओढते. किटलीचा छापील आकडा धरून यंत्र जुळवलं तर यंत्र कायमचं फुगवून सांगत राहील. त्यापेक्षा किटली चालू ठेवून जिन्याखाली जावं आणि लुकलुक मोजावी.

आता आकडे साठवण्याविषयी, कारण याबाबत माझी मतं कडक आहेत. सेकंदाला एक नोंद धरली तर दिवसाला 86,400 नोंदी होतात. त्या चिपकडून घरातल्याच एखाद्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाकडे किंवा जुन्या लॅपटॉपकडे पाठवायच्या. त्यासाठी वापरायचा एमक्यूटीटी हा निरोपाचा शिरस्ता 1999 साली तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी निघाला. उपग्रहावरून निरोप पाठवणं महाग होतं, म्हणून निरोप होता होईल तो लहान ठेवायचा. तो आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या कामी येतो ही मजेची गोष्ट आहे. पण निरोप घराबाहेर जाऊ देऊ नये. गुगलनं 2009 मध्ये पॉवरमीटर नावाची सेवा काढली आणि 2011 मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टची होम नावाची सेवाही 2009 मध्येच आली आणि 2012 मध्ये गेली. दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवलेली आपली वही ओसरी मोडली की हातची जाते.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. एका मुख्य तारेवर मोजून घरातली सगळी उपकरणं वेगळी ओळखायची युक्ती अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी 1980 च्या दशकात मांडली. 1992 चा त्यांचा निबंध आजही या विषयाचं मूळ मानला जातो. प्रत्येक उपकरण चालू-बंद होताना वॅटच्या रेषेवर एक पायरी उमटते आणि पायरीची उंची ही त्या उपकरणाची सही असते. पण त्याआधीच, 1989 मध्ये, याच हार्टनी एका लेखात लिहिलं होतं की या युक्तीनं घरावर पाळत ठेवता येईल. शोध लावणाऱ्यानं स्वतःच धोक्याची घंटा वाजवावी, असं फार वेळा घडत नाही. माझ्या घराची रेषा पाहून कुणीही सांगेल की आम्ही कधी उठतो, शुक्रवारी कपडे धुतो, आणि दिवाळीत चार दिवस घराला कुलूप होतं. देशभर स्मार्ट मीटर बसवायची मोठी योजना चालू आहे. माझा त्याला सरसकट विरोध नाही. पण आपली वही आधी आपण वाचलेली असावी, एवढं मात्र वाटतं.

आपल्याकडे ही वाचनाची परंपरा आहे, आणि तिचं एक महत्त्वाचं ठिकाण पुण्यात आहे. प्रयास ऊर्जा गटानं साध्या घरांच्या सॉकेटमध्ये बसणारी यंत्रं लावून मिनिटामिनिटाचा व्होल्टेज नोंदवला आणि तो सगळ्यांना पाहायला खुला केला. गावात वीज 'असते' म्हणजे किती तास असते, ते त्यातून आकड्यांत दिसलं. पुढे त्यांनी महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या शंभराच्या आसपास घरांमध्ये उपकरणवार मोजणीही केली. दिल्लीत निपुण बत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एका घराची 73 दिवसांची वीज-पाण्याची नोंद जगासाठी प्रसिद्ध केली. परदेशी घरांच्या नोंदींवर बेतलेली गणितं आपल्या घरांना का चालत नाहीत ते तिथे कळतं : व्होल्टेज खालीवर होतो, वीज जाते, आणि ती आली की इन्व्हर्टर तहानलेल्या बैलासारखा ओढू लागतो.

भाषेविषयी एक शब्द. हे सगळं मराठीत कशाला, इंग्रजीत ढीगभर आहे, असं या पुस्तिकेच्या कर्त्यांना ऐकून घ्यावं लागलं. माझे वडील, अण्णा, उस्मानियाचे पदवीधर. 1918 साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात उर्दूतून शिकवत आणि पाठ्यपुस्तकांसाठी दारुल तर्जुमा हे भाषांतराचं स्वतंत्र खातं होतं. अण्णा परभणीचे, घरी मराठी, पण पदार्थविज्ञान उर्दूत शिकलेले. ते करंटला शेवटपर्यंत 'बर्की रौ' म्हणत, आणि फ्यूज उडाला की शिव्या मात्र मराठीत देत. परभाषेत शिकूनही विषय त्यांना आपला वाटला, कारण तो रोज बोलायच्या शब्दांत त्यांच्यापर्यंत आला होता. या पुस्तिकेनं विद्युतधारा न लिहिता करंट लिहिलं आहे, विभवांतर न लिहिता व्होल्टेज. गुजराती गल्लीत विभवांतर मागून पाहा, मग कारण कळेल.

शेवटी रात्री तीनच्या आकड्याकडे येतो, कारण पुस्तिकेतलं माझं सर्वांत लाडकं प्रकरण तेच आहे. यंत्र बसलं की बहुतेक जण एसीची रेषा पाहत बसतात. ती पाहण्यात नवल नाही, एसी खातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. आधी पाहावं ते रात्री तीन वाजता, एसी नको त्या दिवसांत, पंखे सोडून घर काय ओढतं ते. कारण शंभर वॅट सतत ओढले गेले तर तीस दिवसांत बहात्तर युनिटं होतात. दोनशेच्या मर्यादेतला एक तृतीयांशाहून मोठा वाटा कुणी बटण न दाबता गेला.

आमच्या घरचा तीनचा आकडा, पंख्यांचे वॅट वजा करून, 140 निघाला. महिन्याला शंभर युनिटं. मी सलग चार रात्री डीबीतले एमसीबी एकेक खाली पाडत बसलो आणि बायको दारात उभी राहून "अहो, झोपा आता" म्हणत राहिली. फ्रिजचे सरासरी 45 निघाले, त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली होती, ती कधी भरतच नव्हती, म्हणून तो रात्रभर 50 ओढत होता. बॅटरी बदलल्यावर तो 8 वर आला. बंद टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स 12, राउटर 10. पाण्याच्या फिल्टरचा अॅडॉप्टर 4, आणि मुलगा बंगळूरला गेल्यापासून त्याच्या खोलीत कुणी हात न लावलेल्या पॉवर स्ट्रिपवर 8. स्ट्रिप काढली, सेट-टॉप बॉक्सला भिंतीवरच्या बटणाची सवय लावली. तीनचा आकडा 78 वर उतरला. त्या एप्रिलमध्ये पट्टीवर 193 युनिटं आली आणि मीटर वाचणारा काही न बोलता पुढे गेला.

अठ्ठ्याहत्तरमधून फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर आणि फिल्टर वजा केले की अकरा उरतात. सगळे एमसीबी एकेक करून पाडून झाले. दारावरची घंटा काढून पाहिली, गॅलरीतला दिवा काढून पाहिला, कडीची दिशा बदलून पाहिली, यंत्र स्वतः किती खातं तेही मोजलं, ते एक वॅटसुद्धा नाही. दहा वॅटांच्या वर काही तरी आमच्या घरात रोज रात्री जागतंय, आणि ते कोण हे मला अजून सापडलेलं नाही.